चौदाव्या वर्षी सकाळ इतकी जड का होते?

गेल्या वर्षी "ऊठ गं, पावणेसहा झाले" हे वाक्य मी रोज सकाळी पाच-सहा वेळा म्हणत होते. लेक नववीत, शाळा सकाळची, घंटा सातची, आणि भांडुपच्या आमच्या बिल्डिंगखाली बस येते सहा पंचवीसला. पाचवीत असताना हीच मुलगी गजर व्हायच्या आधी उठून पांघरुणाची घडी घालायची. चौदावं लागलं आणि सगळं फिरलं. सकाळी डोळे उघडेनात. नाश्ता समोर ठेवला की तोंड वाकडं. डबा अर्धा परत. शाळेतून आली की क्लासच्या आधी दोन तास गाढ झोप, आणि रात्री साडेअकराला टक्क जागी.

सासूबाई म्हणायच्या, "वयच आहे ते." मी म्हणायचे, मोबाइल आहे. वर्गशिक्षिकांनी पालकसभेत सांगितलं की पहिल्या दोन तासांना तिचं लक्ष नसतं, आळस करते. मग एक दिवस लिफ्ट बंद होती आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती दोनदा थांबली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.६. या वयाच्या मुलीचं ते किमान १२ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो आकडा बघितला आणि आधीच्या सहा महिन्यांत मी तिला जे जे बोलले होते ते सगळं आठवलं.

त्यानंतर मी डॉक्टरांना खूप प्रश्न विचारले, पुष्कळ वाचलं. झोप, शाळेची वेळ आणि ताटातलं अन्न या गोष्टी एकमेकींत इतक्या अडकलेल्या असतात हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

झोपेची भूक आणि शरीराचं घड्याळ

आपल्याला झोप कधी येणार हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे झोपेची भूक. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. साठा वाढला की डोळे मिटायला लागतात, झोपलं की तो ओसरतो. जेवणाच्या भुकेसारखंच हे. संध्याकाळी पोटभर बटाटेवडे खाल्ले तर रात्री पानावर बसवत नाही, तसं संध्याकाळी दोन तास झोपलं तर रात्री झोपेची भूकच लागत नाही.

दुसरी गोष्ट शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो. त्याला डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून दिवस-रात्र कळते. दिवस मावळून काही तास झाले की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरू लागतं आणि "आता रात्र झाली" हा निरोप अंगभर पोचतो.

वयात येताना या दोन्ही गोष्टी बदलतात. मेलाटोनिन उतरायची वेळ साधारण एक ते दोन तासांनी पुढे जाते, आणि झोपेची भूकही लहानपणापेक्षा सावकाश वाढते. म्हणजे जी मुलगी नऊला पेंगायची ती आता साडेदहा-अकरापर्यंत खरोखरच ताजी असते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्काडन यांनी १९९० च्या दशकात हे अभ्यासून दाखवलं. तेव्हा मुलांच्या हातात मोबाइल नव्हते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोबाइल काढून घेतला की मूल नऊला झोपेल, ही आपली समजूत पहिल्यापासूनच चुकीच्या पायावर उभी आहे.

आता हिशेब मांडू. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. पावणेसहाला उठायचं तर साडेआठ तासांसाठी सव्वानऊला झोप लागायला हवी. शरीर अकराच्या आधी तयार नाही. रोज पावणेदोन तास कमी. सोमवार ते शुक्रवार धरले तर आठवड्याला जवळजवळ नऊ तास, म्हणजे एक अख्खी रात्र. शनिवारी सकाळी ती मेल्यासारखी झोपते ती ही उधारी फेडायला. तिला त्या दिवशी आठला हलवून उठवणारी मी, आता त्या सकाळी घरात मिक्सरसुद्धा लावत नाही.

तरी एक खाचखळगा आहे. शनिवार-रविवार दुपारी बारापर्यंत झोपलं की घड्याळ आणखी पुढे सरकतं आणि रविवारी रात्री एक वाजेपर्यंत झोप येत नाही. सोमवार मग सगळ्यात वाईट. सुट्टीच्या दिवशी रोजच्यापेक्षा दोन तास जास्त झोपू द्यावं, फार तर अडीच, आणि उठल्यावर लगेच खिडकीत किंवा गॅलरीत उजेडात बसवावं. सकाळचा उजेड घड्याळाला मागे ओढतो, रात्रीचा उजेड पुढे ढकलतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तर निम्मं काम होतं. आमच्याकडे रात्री नवानंतर हॉलची पांढरी ट्यूब बंद करतो आणि पिवळा दिवा लावतो. वन-रूम-किचनमध्ये प्रत्येकाला वेगळी खोली कुठून आणणार, पण दिवा बदलता येतो.

मोबाइल निर्दोष आहे असं मला म्हणायचं नाही. त्याचा उजेड थोडा त्रास देतो, त्यातला मजकूर जास्त देतो. आधीच उशिरा येणारी झोप मैत्रिणींच्या ग्रुपवर आणखी तासभर रेंगाळते. आमचे तिघांचेही फोन साडेदहाला स्वयंपाकघरातल्या फडताळावर चार्जिंगला जातात. तिघांचेही, हे महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात नवऱ्याने कुरकुर केली, लेकीने नाही.

चहा-कॉफीचंही सांगते. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास घेतं. क्लासला जाताना सहाला घेतलेल्या कडक चहातलं किंवा कोल्ड कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतं. एनर्जी ड्रिंकच्या चकचकीत डब्यांना तर या वयात जागाच नाही.

शाळेची घंटा

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने शासन निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप होत नाही, असं त्याचं कारण. लहानग्यांची सोय झाली याचा आनंदच आहे. पण शरीराचं घड्याळ पुढे सरकतं ते पाचवी-सहावीनंतर. ज्यांना साडेआठ-नऊची घंटा सगळ्यात जास्त हवी, ती मुलं या निर्णयाच्या बाहेर राहिली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये माध्यमिक शाळांसाठी तसा कायदा केला आणि २०२२ पासून तो लागू झाला.

मुंबईत हे लगेच होणार नाही, हे मलाही कळतं. एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन पाळ्या चालतात, जागा नाही, बस त्याच, रस्ते तेच. पण काही गोष्टी पालकसभेत मागता येतात. घटक चाचणी पहिल्या तासाला नको. दहावीचे जादा तास सातच्या आधी नकोत. आमच्याकडे चौघी आयांनी मिळून हे मागितलं. चाचणीचा तास बदलला, जादा तासांचं अजून बोलणं चालू आहे. क्लास निवडताना तर आपल्या हातात बरंच असतं. रात्री नऊला सुटणारी बॅच आणि साडेसातला सुटणारी बॅच यांत मी आता फीच्या आधी वेळ बघते.

९.६ चा अर्थ

आता मूळ मुद्द्याकडे येते.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा हमाल, आणि तो बनवायला लोह लागतं. वाढीच्या वयात अंगातलं रक्तच वाढत असतं, स्नायू वाढतात, उंची वाढते. मुलींची पाळी सुरू झाली की दर महिन्याला थोडं लोह बाहेर जातं. मागणी एकदम चढते आणि ताट तेवढंच राहतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. याच वयाच्या मुलांमध्ये ३१ टक्के. म्हणजे हा फक्त मुलींचा किंवा फक्त गरीब घरांचा प्रश्न आहे असं समजून मुलग्याच्या आईने निर्धास्त राहू नये.

लक्षणं इतकी साधी असतात की त्यांना स्वभाव समजलं जातं. दमणं, चिडचिड, लक्ष न लागणं, जिना चढताना धाप, डोक्याशी भणभण. एक खूण मात्र अगदी वेगळी आहे: खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटणं. आमची लेक फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावायची आणि मी "दात खराब होतील" म्हणून ओरडायचे. लोहाच्या कमतरतेत असं होतं, हे मला डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं. काहींचे रात्री पाय वळवळतात, स्थिर ठेवता येत नाहीत, आणि त्यानेही झोप लांबते. इथे चक्र पूर्ण होतं: झोप अपुरी म्हणून सकाळी भूक नाही, सकाळी खाणं नाही म्हणून लोह कमी, लोह कमी म्हणून थकवा, थकव्यामुळे संध्याकाळी झोप, आणि संध्याकाळी झोप म्हणून रात्री जाग.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वयाच्या मुलींसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि मुलग्यांसाठी २२ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. आकडा एवढा मोठा का, तर धान्य-कडधान्य-पालेभाज्यांतलं लोह अंगी फार थोडं लागतं, दहा टक्क्यांच्याही आत. त्यामुळे काय खाल्लं याच्या बरोबरीने ते कशासोबत खाल्लं हे बघावं लागतं. चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यातून आत जाऊ देत नाहीत. पोह्यांबरोबर चहा, पोळी-भाजीबरोबर चहा ही आपल्या घराघरातली जोडी इथे नडते. चहा द्यायचाच तर जेवणापासून तासभर लांब. उलट क जीवनसत्त्व लोहाला आत जायला मदत करतं. आपल्या आज्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं, उसळीबरोबर कांदा-टोमॅटोची कोशिंबीर वाढली, त्यात मोठं शहाणपण होतं.

म्हणून डब्यात मटकीची किंवा चवळीची उसळ असेल तर लिंबाची फोड वेगळी बांधून द्या. मोड आणलेल्या कडधान्यातलं लोह जास्त लागू पडतं. लाल माठ, चवळई, शेपू या भाज्या लोकलने येता-येता स्टेशनबाहेर निवडलेल्याही मिळतात. अळिवात लोह भरपूर असतं, आणि अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीनेच खायचे असा काही नियम नाही. आठवड्याला तीन-चार लाडू शाळकरी मुलीलाही चालतात. मासे-मटण खाणाऱ्यांचं काम सोपं, कारण त्यातलं लोह अंगी जास्त लागतं. सासूबाई गावाहून सुकट आणि जवळा आणतात. लेकीला वास नको असायचा, पण जवळ्याची चटणी भाकरीबरोबर ती आता मागून घेते. आणि पेरू. शाळेच्या फाटकाबाहेर मीठ-तिखट लावून मिळतो तो पेरू क जीवनसत्त्वाने भरलेला असतो. घरी धुऊन-चिरून डब्यात दिला तर उत्तमच.

बिटाबद्दल एक सांगून टाकते. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं ही समजूत सगळीकडे आहे. बीट चांगलं कंदमूळ आहे, पण त्यात लोह बेताचंच. गुळाचंही तसंच. चहात साखरेऐवजी गूळ घालून रक्त वाढत नाही, कारण बरोबर चहा आहेच.

हिमोग्लोबिन ९.६ पर्यंत उतरल्यावर मात्र नुसत्या ताटाने भागत नाही. गोळ्या लागतात, आणि त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. हिमोग्लोबिन कमी म्हणजे दरवेळी लोहच कमी असं नसतं. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई-वडिलांकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष, असणाऱ्यांमध्येही ते थोडं कमी दिसतं आणि तिथे उगाच लोह देऊन उपयोग नाही. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता खूप आढळते, आणि तिनेही हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून रक्ताची पूर्ण तपासणी आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघून मगच उपचार. मुंबई महापालिकेच्या 'आपला दवाखाना' केंद्रांत डॉक्टरांना दाखवणं आणि रक्त तपासणं मोफत आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे. मूल ती घेतं की दप्तरात टाकतं, एकदा प्रेमाने विचारा. गोळीने शौच काळी होते, कधी पोट जड होतं, हे आधीच सांगून ठेवलं तर मुलं घाबरून सोडत नाहीत. दुधाबरोबर गोळी घेऊ नये. आणि आकडा बारावर पोचला की बंद करायची नसते, कारण साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच.

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल किंवा दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मुली स्वतःहून सांगत नाहीत. त्यांना वाटतं सगळ्यांचं असंच असतं.

कॅल्शियमचं थोडक्यात: याच वयात हाडं भरतात, दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागतं, एका ग्लास दुधात त्याचा पाव हिस्सा मिळतो. दही, ताक, नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ यांनी बाकीचं जुळवता येतं.

पहाटे पोळी घशाखाली उतरत नाही

पावणेसहाला पोटाचंही अजून उजाडलेलं नसतं. त्या वेळी पोळी-भाजी कोंबायचा हट्ट मी सोडला. एक केळं किंवा चार खजूर, बस्स. खरा नाश्ता आता छोट्या सुट्टीच्या डब्यात जातो आणि तोच डबा मी सगळ्यात भक्कम भरते. शाळेतून आल्यावर वरण-भात-भाजी, मग वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी, गजर लावून. क्लासला जाण्याआधी शेंगदाणे-चणे किंवा अंड्याचं ऑम्लेट-पाव. त्यामुळे रात्री दहाला भुकेने आडवं होऊन जेवण्याची वेळ येत नाही.

रात्रीचं जेवण हा मुंबईतला खरा अवघड भाग. मी पावणेआठची कल्याण फास्ट पकडते, म्हणजे घाटकोपरला उतरून मागची स्लो, घरी पोचेपर्यंत नऊला दहा कमी. पूर्वी सगळे आपापल्या वेळेला जेवायचे. आता नऊला तिघं नाही तर चौघं, सासूबाईंसकट, जमिनीवर पानं मांडतो. आठवड्यातून चार दिवस जमतं. एकत्र जेवणाऱ्या घरांतली मुलं भाज्या-फळं जास्त खातात आणि उपाशी राहणं, अति खाणं असले खाण्याशी जोडलेले मानसिक आजार त्यांच्यात कमी दिसतात, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे. अर्थात ज्या घरांना एकत्र जेवणं जमतं त्यांचं बाकीचंही बरं चाललेलं असू शकतं, म्हणून याला जादू समजू नये. पाळीची नोकरी असेल तर रविवारची दुपार धरावी.

पानावर दोन विषय आम्ही बंद केले. एक मार्क. दुसरा वजन. "आणखी एक पोळी?" असं कुणी भुवया उंचावून म्हटलं की तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात ते वर्षभर राहतं. घरच्यांनी वजनावरून बोलत राहिलं की मुलं चोरून खातात किंवा खाणं सोडतात. जेवण टाळणं, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन बराच वेळ न येणं, सुरू झालेली पाळी तीन महिने न येणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका.

झोप भरली, रक्त सुधारलं, तरी मूल दोन आठवड्यांहून जास्त उदास, गप्प, आवडत्या गोष्टींतूनही उठलेलं दिसलं, तर कारण मनाचं असू शकतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलाने स्वतः केला तरी चालतो, आईने केला तरी चालतो.

लेक आता दहावीत आहे. शाळा तीच, घंटा सातचीच. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं तेव्हा १२.१ आलं, आणि गोळ्या आणखी दोन महिने चालू ठेवल्या. त्या रात्री जेवताना तिने आपणहून सांगितलं की गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला ती बाकाखाली स्वतःला चिमटे काढत बसायची, डोळे मिटू नयेत म्हणून. मी वाटीतलं वरण तसंच ठेवून ऐकत राहिले. सासूबाईंनी तिच्या भाकरीवर जवळ्याची चटणी आणखी थोडी वाढली.